नागावात उतरलेलं तुर्की राजघराणं

नववीच्या वर्गात ज्या मुलाला मी इतिहासात नापास केलं होतं, तो पंचवीसएक वर्षांनी माझ्या ओटीवर बसून म्हणाला, "बाई, मला एक राजघराणं मिळालंय. त्याचा इतिहास तेवढा तुम्ही लिहून द्या."

मोक्याचा प्लॉट मिळाल्याची बातमी लोक ज्या सुरात देतात, त्याच सुरात तो बोलला. पांढरे बूट त्याने पायरीखाली नीट जोडून ठेवले होते आणि तुर्की मिठाईचा डबा माझ्या यजमानांच्या हातात दिला होता. यजमानांना मधुमेह आहे. पुढची सगळी बोलणी होईपर्यंत त्यांनी त्या डब्याचा अर्धा भाग आदरातिथ्य म्हणून संपवला.

मी मूळची घाटावरची. नोकरीच्या निमित्ताने पेणकडच्या खाडीकाठच्या एका गावात आले आणि तिथल्या हायस्कुलात तीस वर्षं इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यावर यजमानांच्या नागावच्या घरी राहायला आलो. चार नारळ, आठ सुपारी आणि शनिवार-रविवारी गाडी कुठे लावू म्हणून विचारणारे मुंबईकर, एवढा आमचा संसार. हा मुलगा त्या खाडीकाठच्या गावातला, मिठागरात राबणाऱ्या आगरी घरातला. मिठागरं बंद पडली, जमिनी कुठल्या कुठल्या प्रकल्पात गेल्या, याने एक ट्रक घेतला, मग दुसरा, आणि मी त्याला विसरून गेले तोवर तो शेठ झाला होता. आता सगळा तालुका त्याला शेठ म्हणतो. मी मात्र अरेतुरे करते. त्याच्या मॅनेजरला ते ऐकवत नाही, दर वेळी तो कुठेतरी दुसरीकडे बघतो.

शेठने नागावात समुद्राच्या बाजूला मोठी वाडी घेतली होती आणि तिथे लग्नाचा हॉल, तलाव आणि राहायच्या खोल्या बांधायला काढल्या होत्या. मांडव्याला बोटीतून उतरणारी मुंबईची वऱ्हाडं थेट तिथे यावीत हा बेत. त्यासाठी थीम पाहिजे. थीमच्या शोधात तो बायकोसह अकरा दिवसांची तुर्कस्तानची सहल करून आला होता. एका दुपारी त्यांची बस जेवायला एका तळ्याकाठच्या गावात थांबली. बेशेहीर त्या गावाचं नाव. बाकीची मंडळी गालिचे बघत होती तेव्हा हा जवळच्या एका जुन्या मशिदीत शिरला. आत सगळं लाकूड. खांब लाकडाचे, छत लाकडाचं, आणि मधोमध जमिनीत एक खड्डा. गाइडने सांगितलं की पूर्वी छताला वर भोक होतं, हिवाळ्यातला बर्फ त्या खड्ड्यात साठायचा, आणि उन्हाळाभर त्या गारव्याने लाकूड तडकत नसे. हे बांधणारं एक लहानसं राजघराणं होतं, तेही तळ्याकाठीच नांदलं आणि तिथेच संपलं.

मी विचारलं की एवढ्या मोठ्या जगात त्याला हेच घराणं का भावलं. त्याचं उत्तर तयार होतं. राजस्थानी थीम सगळ्यांनी केली, मुघल केली, पेशवाई तर गल्लोगल्ली झाली. "आणि बाई, आपल्याकडच्या राजाला हात लावला की कुणाच्या ना कुणाच्या भावना दुखतात. ह्यांच्यासाठी भावना दुखवून घेणारं इकडं कोणीच न्हाय."

मला हसू आलं, पण मनात मी त्याला शंभरपैकी शंभर दिले. इतिहास निवडताना तो खरा आहे का हे नंतर बघायचं असतं, त्याचे वारस जवळपास राहतात का हे आधी, ही गोष्ट तीस वर्षं शिकवून मला सुचली नव्हती. मी हो म्हटलं. खरं कारण सांगायचं तर तो म्हणाला होता की फलकाच्या खाली माझं नाव येईल आणि नावापुढे 'इतिहासतज्ज्ञ' असेल. माझ्या नावापुढे तोवर फक्त 'सहशिक्षिका' लागलेलं होतं.

मी कामाला लागले. अलिबागच्या वाचनालयात जाऊन आले, तिथे तुर्कस्तानवर दोन पुस्तकं होती आणि दोन्हींत या घराण्याला मिळून चार ओळी. बाकीचं मोबाइलवर चष्मा चढवून वाचलं. इंग्रजीतलं कळत होतं, तुर्कीतलं यंत्राकडून भाषांतर करून घेत होते आणि त्यात अधूनमधून राजाचा 'कोंबडा' होत होता. तरी महिनाभरात चार पानं झाली.

घराण्याचं नाव एश्रेफोग्लू, म्हणजे एश्रेफचे वंशज. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात तुर्कस्तानवर राज्य करणारे सेल्जुक सुलतान मंगोलांच्या टाचेखाली आले, नावापुरते उरले, आणि सरहद्दीवरचा जो तो सरदार आपापल्या मुलखाचा मालक झाला. त्यांतला हा एक. पदवी 'बे', आपल्या मापाने म्हणजे बऱ्यापैकी मोठा देशमुख. पहिल्या बेने सेल्जुकांच्या राजधानीत दोन बालराजांना पुढे करून कारभार हातात घेण्याच्या खटपटीत भाग घेतला. ते अंगाशी येतंय असं दिसताच तो शहाण्यासारखा आपल्या तळ्याकाठी परतला. गावाला तट बांधला, बाजार बांधला, हमाम बांधला, ती लाकडी मशीद बांधली आणि गावाला स्वतःचं नाव दिलं. लोकांनी ते नाव घेतलं नाही. ते नुसतं बेचं शहर म्हणत राहिले, तेच बेशेहीर. त्याच्या मुलाने शेजारची चार गावं घेतली, आणि मंगोलांचा सुभेदार फौज घेऊन आला तेव्हा जाऊन मुजरा करणाऱ्यांत तो होता. नातवाच्या काळात दुसरा सुभेदार आला. त्याचं मुजऱ्यावर भागत नव्हतं. त्याने नातवाला पकडलं, हाल हाल करून मारलं आणि तळ्यात फेकून दिलं. घराणं संपलं. पुढे दोनेक वर्षांत तो सुभेदारही परक्या सुलतानाच्या आश्रयाला गेला आणि तिथेच मारला गेला, पण ते या घराण्याला बघायला मिळालं नाही.

चार पानं मला आवडली होती. यजमानांना वाचून दाखवली, तर ते म्हणाले की वाचताना आपल्याच जिल्हा परिषदेची आठवण येते. मी ती फाइलमध्ये घालून बांधकामावर गेले.

शेठने उभ्याउभ्या वाचली. वाचताना त्याचे ओठ हलत होते, नववीतही हलायचे. मग तो म्हणाला की फलकावर एवढं मावणार नाही, आणि शेवट तर चालणारच नाही. लग्नाचा हॉल आहे, समोर तलाव आहे, आणि त्यात राजाला बुडवलं असं लिहिलं तर मुलीकडचे पाणीसुद्धा न पिता उठतील. त्याने स्वतःच दुरुस्ती सुचवली. "जलसमाधी घेतली असं लिवा."

मी म्हटलं की ज्या माणसाला मारून फेकलं त्याने समाधी घेतली असं मी लिहिणार नाही. तो शांतपणे म्हणाला की मग 'तलावाशी एकरूप झाला' लिहा. मुजऱ्याच्या जागी 'मैत्रीचा करार' आला. 'बे' या शब्दावर मुलं हसतील म्हणून सुलतान आला. पन्नासएक वर्षांचं घराणं 'पिढ्यान्‌पिढ्या' झालं, तीन पिढ्या म्हणजे पिढ्यान्‌पिढ्याच की, असं मॅनेजरने हिशेब करून दाखवलं.

तिथे माझं डोकं फिरलं. मी त्याला बोलले की तुला खोटाच राजा पाहिजे तर या बिचाऱ्यांना कशाला राबवतोस. तुझ्या स्वतःच्या घराचा इतिहास लाव की भिंतीवर. मिठागरात राबलेली माणसं, त्याची लाज वाटते का तुला.

त्याने फाइल मिटली. आवाज चढवला नाही. "आमचा बांध फुटला तेव्हा तुम्ही वर्गात पानिपत शिकवत होता, बाई. आम्ही सगळी पोरं बांधावर चिखल टाकत होतो. तुम्ही गैरहजेरी लावली. सहामाहीला तेच पानिपत आलं, म्हणून मी नापास झालो."

मला काहीच आठवत नव्हतं. हेच वाईट होतं. उधाणाने खाडीचं पाणी अडवणारा खारबांध फुटल्याची गडबड त्या गावात दर दोन-चार वर्षांनी व्हायची, त्या दिवसांत वर्ग रिकामे असायचे, आणि मी समोरच्या सात-आठ मुलांना घेऊन अब्दालीला यमुनेपार उतरवत असे. अभ्यासक्रम पुरा करण्याबद्दल माझं नाव होतं. शाळेत एकदा सत्कारही झाला होता.

मी घरी आले आणि दुसऱ्या दिवशी जलसमाधीसकट मजकूर त्याला हवा तसा लिहून पाठवला. हा पश्चात्ताप म्हणायचा की 'इतिहासतज्ज्ञ' सुटवेना म्हणून केलेली तडजोड, ते मी अजून ठरवलेलं नाही.

हॉल उभा राहिला. खांब सिमेंटचे, वर लाकडाचा रंग. होड्या बांधणाऱ्या एका सुताराने खांबांच्या माथ्यावरची नक्षी मात्र खऱ्या लाकडात कोरली होती, आणि ती इतकी सुंदर होती की तिच्यामुळे बाकीचा खोटेपणा जास्तच उठून दिसायचा. मधोमध बर्फाचा खड्डा. वर छताला भोक नव्हतं, तिथे एसी होता. समोरच्या भिंतीवर शेठने मशिदीत काढलेल्या फोटोवरून निळ्या फरशांची एक उंच कमान केली होती. आणि दारात काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत माझा मजकूर.

उद्घाटनाच्या दोन दिवस आधी मी शुद्धलेखन तपासायला गेले तर खड्ड्याजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक म्हातारा बसला होता. शेठचे वडील. उद्घाटनासाठी त्यांना गावाहून आणलं होतं. मी ओळख दिली, तर म्हणाले की बाईंना कोण ओळखत न्हाय, पोराला छडी मारलेली बाई. छडीही मला आठवत नव्हती. फलकावरची अक्षरं त्यांना दिसत नव्हती, म्हणून मी ती वाचून दाखवली. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. शूरवीर सुलतान, पिढ्यान्‌पिढ्या, मैत्रीचा करार, जलसमाधी.

ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तलाव गोड्या पाण्याचा न्हवं? मंग ह्या राजाला मीठ कुठून यायचं?"

मला माहीत नव्हतं. तीस वर्षांत मी किती राजे शिकवले, कुणाचं मीठ कुठून येत होतं हा प्रश्न मला पडला नाही आणि कुठल्या परीक्षेत आलाही नाही. घरी येऊन शोधलं. बेशेहीरहून कित्येक दिवसांच्या वाटेवर एक अफाट खारं सरोवर आहे. उन्हाळ्यात ते आटतं आणि पांढरं मीठ आपोआप धरतं. या घराण्याच्या हद्दीत ते नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम जाऊन म्हाताऱ्याला हे सांगितलं. मीठ आपोआप धरतं यावर त्यांचा विश्वास बसला नाही. बांध न घालता, पाणी न खेळवता, फावडं न मारता मीठ कसं होईल, असं त्यांनी मला दोनदा विचारलं.

"मीठ दुसऱ्याच्या हातात म्हणजे गेलंच ते राज्य," ते म्हणाले. "आणि जलसमाधी कोण घेतो, बाई? राजा तो. कोणीतरी बुडवला असंल."

मी खरं काय ते सांगितलं. सुभेदार, हाल, तळं. त्यांनी मान डोलावली. पोराला हे ठाऊक आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

उद्घाटनाला चौफेर गर्दी झाली. बर्फ आणायचं काम मॅनेजरने मासळीच्या बर्फाच्या फॅक्टरीला दिलं होतं, कारण एवढा बर्फ इकडे दुसरं कोण देणार. तो आला तो सकाळी कोळंबी पोचवून आलेल्या टेम्पोतून. खड्ड्यात लाद्या रचल्या, वर गुलाबाच्या पाकळ्या टाकल्या, आणि एसी लागल्यावर पंधरा मिनिटांत सुलतानाच्या दरबाराला कोळंबीचा वास सुटला. इकडची मंडळी बिनधास्त बसली. मुंबईहून आलेले लग्नसोहळे आखून देणारे कंपनीवाले मात्र नाकाला रुमाल लावून आर्किटेक्चरची तारीफ करत होते. शेठच्या बायकोने दोन बाटल्या अत्तर आणून खड्ड्यात ओतलं. त्याने झालं एवढंच की अत्तर लावलेल्या कोळंबीचा वास येऊ लागला.

प्रमुख पाहुणे तालुक्यातले एक पुढारी होते. त्यांना हे घराणं कोण हे ठाऊक नव्हतं, पण राजावर बोलायची त्यांची सवय जुनी. त्यांनी माइक धरला आणि जे भाषण ते प्रत्येक जयंतीला करतात तेच केलं. या राजाने रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू दिला नाही, परस्त्रीला मातेसमान मानलं, गनिमाला पळता भुई थोडी केली, वगैरे. ज्या घराण्याने गनिमासमोर मुजरा केला होता त्याची ही कीर्ती ऐकून मी खाली बघितलं. टाळ्या पडल्या. आणि पाहुण्यांच्याच माणसाने त्या भाषणाची चित्रफीत काढून सगळीकडे पाठवली.

ती पाठवली नसती तर कदाचित सगळं निभावलं असतं. तिसऱ्या दिवशी सकाळी सहा-सात तरुण मोटरसायकलींवरून आले. त्यांचं म्हणणं, भाजीच्या देठाची गोष्ट आमच्या राजाची, ती तुर्की राजाला कशी चिकटवली. त्यात चूक काहीच नव्हतं. मी शिक्षिका म्हणून त्यांच्या बाजूने कौल दिला असता. पण भाषण पुढाऱ्याचं होतं आणि पुढाऱ्याकडे जायची कुणाची तयारी नव्हती, म्हणून ते फलकाकडे आले. फलक लिहिणारी इतिहासतज्ज्ञ कोण, असंही त्यांनी विचारलं. मॅनेजरने माझ्या घराचा रस्ता तपशीलवार सांगितला.

ते माझ्या ओटीवर आले तेव्हा यजमान पेपर वाचत होते. त्यांनी तो खाली केला नाही. मी सगळ्यांना बसवलं, पाणी दिलं. त्यांच्यात एक माझाच विद्यार्थी निघाला, त्यामुळे त्याला बसता येईना आणि उठताही येईना. त्यांचा जो म्होरक्या होता त्याला मी विचारलं की हे घराणं कुठलं आहे हे वाचलंय का. त्याने नाही म्हटलं. मी चार पानं काढून त्याच्यापुढे ठेवली. त्याने पहिलं पान बराच वेळ बघितलं आणि म्हणाला की बाई, हे सगळं ठीक आहे, पण यांचा आणि रायगड जिल्ह्याचा संबंध काय. संबंध नव्हता म्हणूनच तर त्यांना आणलं होतं.

त्याच दिवशी दुपारनंतर दुसरी मंडळी हॉलवर आली. जवळच्या गावातल्या मुस्लिम जमातीचे तीन वयस्कर गृहस्थ. मी तेव्हा तिथेच होते, शेठने घाबरून बोलावून घेतलं होतं. ते आवाज न चढवता बोलले. सोबत फोटो आणला होता, उद्घाटनाच्या संध्याकाळचा. निळ्या फरशांची ती कमान म्हणजे मशिदीतला मेहराब, नमाजाची दिशा दाखवणारा, आणि शेठने त्यात डीजे बसवला होता. त्यांतले जे सगळ्यात वृद्ध होते ते म्हणाले की हॉल कुठल्याही नमुन्याचा करा, आमचं काही म्हणणं नाही, फक्त तेवढ्या कोनाड्यात बाजा वाजवू नका.

शेठचा चेहरा उतरला. तो मशिदीत गेला होता, त्या कमानीसमोर उभं राहून त्याने फोटो काढला होता, आणि ती कशाची आहे हे त्याने कुणाला विचारलं नव्हतं. मीही चार पानांत मशिदीचे खांब आणि छत यांचं साग्रसंगीत वर्णन केलं होतं आणि बांधकामावर दहा वेळा त्या भिंतीसमोरून गेले होते. त्याने मॅनेजरला हाक मारली आणि डीजेचं सामान स्वतः उचलायला लागला. स्पीकर जड होते. त्या तिघांतल्या एकाने पुढे होऊन एका बाजूने हात दिला. त्या प्रकरणात मला आवडलेली ही एकच वेळ.

ज्यांच्यासाठी भावना दुखवून घेणारं इकडं कोणी नव्हतं त्यांच्या नावाने एका दिवसात दोन वेगवेगळ्या बाजूंच्या भावना दुखावल्या होत्या. त्यांतल्या एका बाजूची तक्रार अर्ध्या तासात मिटली. दुसरी मिटायला आठवडा लागला. फलक उतरवला गेला. मोटरसायकलवाल्यांच्या म्होरक्याने पुढच्याच महिन्यात आपल्या बहिणीचा साखरपुडा त्याच हॉलमध्ये केला आणि कमानीसमोर, जिथे आता नुसत्या कुंड्या होत्या, सगळ्या घराने फोटो काढले. शेठने त्याला चांगली तारीख काढून दिली होती. मलाही आमंत्रण होतं. जेवण उत्तम होतं.

पुढचे दोन महिने शेठ माझ्याकडे फिरकला नाही. मग कळलं की हॉलला आतून-बाहेरून निळा-पांढरा रंग दिलाय आणि आता तिथे ग्रीस आहे. बर्फाच्या खड्ड्यात कारंजं बसवलंय. फक्त सुताराची नक्षी तशीच राहिली, कारण ती काढायला गेलं तर खांब तडकतात.

त्याचे वडील उद्घाटनानंतर आठ दिवसांतच गावी परत गेले होते. नागावच्या हवेत करमत नाही, इथे सगळे नुसते खायला येतात, असं त्यांचं म्हणणं. मी एका दुपारी एसटीने पेणला जाऊन तिथून रिक्षाने त्या गावात गेले. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच. शाळेकडे न वळता सरळ त्यांच्या घरी गेले. सून चहा ठेवायला आत गेली, तेवढ्यात ते म्हणाले की आलाच आहात तर बांधावर चला, भरती यायच्या आत.

वाटेत मी त्यांना विचारलं की तो बांध फुटला तेव्हा काय झालं होतं. ते चालता चालता सांगत होते, मधे थांबून काठीने दाखवत होते. इथून इथवर तोंड पडलं. पाणी आधी उघाडीच्या बाजूने आत शिरलं, म्हणजे बांधाला पाणी सोडायचं जे लाकडी दार असतं तिथून. ते दार कुजलं होतं, मालकाला तीन वर्षं सांगत होते. मालक मुंबईत. पहिल्या मालकाने स्वतः उभं राहून बांध घातला होता, त्याचा मुलगा दिवाळीला यायचा, नातवाने मिठागर कधी बघितलंच नाही. गावातलं कोण कोण आलं, कुणाची बायको बाळंतीण असून घमेलं घेऊन उभी राहिली, मुलं कुठे होती, सगळी नावं त्यांना पाठ होती. त्यांचा मुलगा त्या बाजूला होता, गुडघाभर चिखलात, शाळेचा शर्ट घालूनच आला होता. तो शर्ट पुढे धुऊन पांढरा झालाच नाही.

मी पिशवीतून वही काढली. चालता चालता लिहिणं जमेना, म्हणून थांबले. ते माझ्या वहीकडे बघत उभे राहिले आणि मी लिहिलेलं वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती केली. बाळंतीण बाई पलीकडच्या आळीतली होती, आणि मी लिहिलं होतं तसं पाणी रात्री आलं नव्हतं, भर सकाळी आलं होतं, शाळेची घंटा झाल्यावर. मी खोडून पुन्हा लिहिलं.

भरती लागली होती. दोन्ही बाजूंना पाणी चढत होतं आणि बांधाची कड ओली दिसायला लागली होती. ते काठी पुढे करून म्हणाले की मधून चला बाई, कडेला माती मऊ असते.